बाहेर, सकाळी सहा

रात्रपाळीची हजेरी कायद्यात बसवणं हे केरुबोचं काम होतं, आणि त्या कामाचा तिला अभिमानही होता. नैवाशाच्या तळ्याकाठी फुलांची ती कंपनी. गुलाब दिवसा खुडायचे, रात्री बांधायचे आणि पहाटे विमानाला धाडायचे. रात्री राबणारी माणसं तीनशे. कोणाचे किती तास भरले, सलग किती रात्री झाल्या, घरी सोडायला बस मिळाली की नाही, सगळं तिने बघायचं. उद्या कामगार खात्याचे साहेब तपासणीला यायचे होते, म्हणून आज ती कचेरीत थांबली होती. थर्मासमधला चहा, कागदात गुंडाळलेले मंदाझीचे तळलेले वडे आणि गेल्या महिन्याभराची यादी, एवढाच सरंजाम.

यादी स्वच्छ होती. असणारच, कारण रोज सकाळी केरुबोच ती स्वच्छ करायची. येताना सगळे हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवतात; जाताना मात्र बस चुकेल म्हणून धावत सुटतात आणि आठ-दहा जणांचं ‘बाहेर’ नोंदवायचं राहून जातं. यंत्राला अर्धवट पाळी चालत नाही. मग केरुबो एक बटण दाबून त्या सगळ्यांपुढे एकदम ‘बाहेर, सकाळी सहा’ टाकायची. शेजारी तिची आद्याक्षरं आपोआप उमटायची, के. मो. नावं वाचायची तसदी तिने कधी घेतली नव्हती.

आज साहेबांच्या धाकाने वाचली, आणि एका नावावर तिचं बोट अडलं. नफुला वान्यामा.

ही तर पळून गेलेली बाई! व्हॅलेंटाइनच्या धांदलीतली शेवटची रात्र करून गेली ती परत आलीच नव्हती. तिची धाकटी बहीण नेकेसा त्या दिवसापासून रोज फाटकाशी येऊन उभी राहायची. पहिल्याच दिवशी केरुबोने यादीतलं ते पान छापून तिच्या हातात ठेवलं होतं.

“हे बघ, सकाळी सहाला गेली ती. पुढे कोणाचा हात धरून गेली, ते मी कसं सांगू?”

“मला न सांगता ती कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाही, मॅडम. एकदा आत बघू द्या ना...”

“अगं, हातच्या कंकणाला आरसा कशाला? कागद आहे ना समोर!”

फाटकावरचे पहारेकरी फिदीफिदी हसले होते. नेकेसाने कागदाची घडी घातली होती आणि ती निघून गेली होती.

आणि आता यादी म्हणत होती, की ही पळालेली बाई त्यानंतर रोज रात्री दहाला कामावर येत होती. एकवीस रात्री. तेही चार नंबरच्या शीतखोलीच्या दारावरच्या यंत्रावर. प्रत्येक रात्रीपुढे ‘बाहेर, सकाळी सहा, के. मो.’

केरुबोचं डोकंच फिरलं. बोगस हजेरी, आणि तिच्या सहीखाली! उद्या साहेबांनी पकडलं तर नोकरी गेलीच म्हणून समजा. घड्याळात दहाला दहा कमी होते. चोराला रंगेहाथ पकडायचं ठरवून ती विजेरी घेऊन निघाली.

चार नंबरची खोली जुन्या शेडच्या पार टोकाला होती. हंगाम सरल्यापासून ती रिकामी होती. महिला दिनाच्या फुलांसाठी आत नुसता गारवा चालू ठेवला होता, आणि दारावर ‘उघडू नये’ असा कागद डकवला होता. ओल्या पुठ्ठ्याचा आणि कुजक्या देठांचा वास येत होता. तळ्याकडून पाणघोड्याचं हुंकारणं आलं आणि थांबलं. केरुबो खांबाआड उभी राहिली.

दहा वाजले. यंत्र वाजलं. हिरवा दिवा लागला.

‘नफुला वान्यामा. आत.’

यंत्रासमोर कोणीच नव्हतं.

“कोण आहे...? बाहेर ये!”

उद्याच्या साहेबांची भीती मात्र अजून मोठी होती. चोर आत सटकला असणार, असं स्वतःला बजावत तिने कडी उचलून दार सरकवलं. चार पावलं आत गेली. विजेरीच्या उजेडात रिकाम्या मांडण्या, उलट्या घातलेल्या बादल्या. पाठीमागे रुळाच्या उतारावरून दार हळूच घरंगळलं आणि बाहेरची कडी पडली. खट्ट.

ती गर्रकन वळली, आणि उजेड दाराच्या शेजारी पडला.

नफुला तिथे बसली होती. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. फुलांच्या जुड्यांना गुंडाळायचे कागद तिने थरावर थर अंगाभोवती गुंडाळले होते. मांडीवर दाराची आतली मूठ होती, उपसून आलेली.

हळूहळू केरुबोला कळत गेलं, आणि ते कळणं प्रेतापेक्षा भयंकर होतं. त्या दिवशी सकाळी सहाला ही जिवंत होती. नेकेसा फाटकावर रडत होती तेव्हाही कदाचित जिवंत होती. शोधायला कोणी आलं नाही, कारण कागद म्हणत होता ती गेली. ‘मी घालवलं हिला बाहेर... एका बटणाने,’ केरुबो पुटपुटली.

फोनला रेंज नव्हती. ती दोन्ही मुठींनी दार बडवत राहिली, कातडी सोलून निघेपर्यंत. शेवटी हात उचलेनात, तेव्हा थांबली आणि दाराला कान लावला. आत सगळं चिडीचूप होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. दार सरकलं. बाहेर म्हातारा पहारेकरी एकिरू कंदील धरून उभा होता.

“मॅडम! तुम्ही... तुम्ही तर घरी गेलात ना?”

“कोण म्हणालं, बाबा?”

त्याने फाटकाची यादी पुढे केली. ‘केरुबो मोमान्यी. बाहेर, संध्याकाळी सहा.’ शेजारी आद्याक्षरं होती: न. वा.

पहाटे पोलिसांची गाडी आली. केरुबो फाटकाशी गेली. नेकेसा तिथेच होती, हातात तोच घडीचा कागद.

“तो कागद खोटा आहे,” केरुबो म्हणाली. “मी लिहिला होता, न बघता. ती आतच होती गं.”

नेकेसा रडली नाही. “एकदा आत बघू द्या म्हटलं होतं मी,” एवढंच म्हणाली, आणि कागद तिने केरुबोच्या सोललेल्या हातावर ठेवला. केरुबोला मान वर करवेना.

मागे पोलिसांपुढे एकिरूचा जबाब चालला होता.

“ठोकल्याचा आवाज रोजच यायचा, साहेब. दहानंतर. गारव्याचं यंत्र असेल म्हणून मी सोडून द्यायचो...”

“मग आज का उघडलंस?”

“आज दोन ठिकाणी ठोकत होते. एक वर, छातीएवढ्या उंचीवर. एक खाली, जमिनीलगत.” म्हातारा म्हणाला, “वरचं थांबलं, साहेब... खालचं मी दार उघडेपर्यंत चालूच होतं.”