सगोत्र सूट

"वाढदिवस आहे का माझा, फुंकर मारायला?" वैशालीआत्या पुटपुटल्या. "एवढा शालू नेसून उन्हात उभं राहायचं आणि वर त्या नळकांड्यात फुंकायचं. निम्मी लिपस्टिक त्यालाच लागते."

"सकाळी लसणाची चटणी खाल्ली असेल तर दार उघडत नाही म्हणे," मागची बाई म्हणाली, आणि रांग हसली.

रांगेपासून दहा फुटांवर, जमिनीवर आखलेल्या पिवळ्या चौकोनात खुर्ची टाकून बसलेली शीतलही हसली. मास्कमुळे ते कोणाला दिसलं नाही. नवरी स्पृहा दोघींचीही भाची, आत्यांच्या भावाची मुलगी आणि शीतलच्या बहिणीची. फरक इतकाच की आत्या कुरकुर करत का होईना आत जाणार होत्या, आणि शीतलसाठी गेल्या सोळा वर्षांत एकाही कार्यालयाचं, नाट्यगृहाचं, शाळेच्या हॉलचं दार उघडलं नव्हतं.

कोरडा ताप येऊन गेला त्याला सोळा वर्षं झाली होती. माणसं मेली त्याहून कितीतरी जास्त बरी झाली. पण बऱ्या झालेल्यांपैकी दोनशेत एकाच्या छातीत तो जंतू मुक्कामाला राहिला, चांगल्या भाडेकरूसारखा, घरमालकाला काही त्रास न देता. अशांना वाहक म्हणत. शीतल त्यांतलीच एक. वाहक स्वतः ठणठणीत, धोका शेजारच्याला. लस होती, पण वर्षानुवर्षं एकाच छातीत मुरून बदललेल्या जंतूला ती पुरी पडत नसे. म्हणून पन्नासाच्या वर माणसं जमतील तिथे श्वासदार बसलं. फुंकर मारा, श्वास स्वच्छ असेल तर दार सरकेल.

नियम आला की मागोमाग सूट येतेच. पहिल्यांदा फुंकर माफ झाली ती मंत्र्यांना, कारण त्यांना वेळ नसतो. मग आचारी, वाजंत्री, फोटोग्राफर. यादीत फोटोग्राफर 'अत्यावश्यक' होता, नवरीची आई नव्हती. वाहकांना तर कसलीच सूट नव्हती. स्पृहाच्या शाळेतल्या प्रत्येक बक्षीस समारंभाला शीतल बाहेर स्कूटरवर बसून टाळ्या ऐकायची आणि कुठल्या टाळ्या आपल्या पोरीच्या ते अंदाजाने ठरवायची.

दीड वर्षापूर्वी सगोत्र सूट निघाली. एका माणसातून दुसऱ्यात जाताना त्या जंतूवर नवी खूण उमटते, त्यामुळे प्रत्येक वाहकाचा श्वास वेगळा ओळखता येतो. याला नाव पडलं श्वासगोत्र. आणि ज्याला त्याच गोत्राचा ताप पूर्वी येऊन गेला आहे, त्याचं रक्त तो जंतू विसरत नाही. अशा माणसाला त्या वाहकापासून काही होत नाही. लग्न जमवताना गोत्र एक निघालं की म्हातारी माणसं अडून बसतात. इथे सगळं उलटं. गोत्र जुळलं तरच जवळ बसा.

स्पृहाने मावशीला न विचारता अर्ज करून टाकला, रक्तही देऊन आली. मागणी लहान होती. मंडपात जाण्याआधी नवरी गौरीहरापाशी एकटी पूजेला बसते. त्या खोलीत अर्धा तास मावशी हवी. शीतल तीन वेळा नको म्हणाली. आज सकाळी मात्र तिला मोह झाला. पिवळ्या साडीतली पोर एकदा जवळून बघावी, एवढंच. तिने फुंकर मारली आणि चौकोनात येऊन बसली, आणि बसल्याबसल्या तिला धास्ती वाटायला लागली.

"बाहेर पडद्यावर दिसतं गं सगळं," रांग पुढे सरकली तशा आत्या तिच्याकडे वळून म्हणाल्या. "कशाला तो हट्ट? आज सोनल असती तर..." मग शेजारणीला, पण ऐकू जाईल अशा बेताने, "चांगलं पित्ताशयाचं ऑपरेशन करून घरी आली होती हो माझी भावजय. मदतीला म्हणून शीतल आली, आणि मग..."

हे वाक्य सोळा वर्षं इथेच थांबत आलं होतं. घरात कोणी ते पुरं केलं नाही. 'आणि मग' झालं की माणसं पाणी प्यायची नाहीतर खिडकीबाहेर बघायची. आठ दिवसांत सोनल गेली. स्पृहा तेव्हा नऊ वर्षांची, तिचा बाप जहाजावर. तापातून उठलेल्या मुलीला शीतल, स्वतःही त्याच तापातून उठलेली, मिरजेला आपल्या घरी घेऊन आली आणि तिने तिला वाढवलं. ती आपल्या दोघींची शेवटची आजारपणं, असं स्पृहा मोठी झाल्यावर मावशीला म्हणायची. त्यानंतर खरंच दोघी कधी आजारी पडल्या नाहीत.

काचेच्या खिडकीतून डॉ. फरीदा मुजावर यांनी हाक मारली. नोकरीत असताना त्यांनी ही गोत्राची तपासणी बसवणाऱ्या गटात काम केलं होतं. आता निवृत्तीनंतर कार्यालयांच्या दारात बसत. "प्रयोगशाळेत जेवण इतकं चांगलं मिळत नव्हतं," असं त्या सांगत.

"जुळलं, शीतलताई! अर्धा तास मिळेल तुम्हाला. आणि तिच्याजवळ मास्कसुद्धा नको."

शीतल हसली नाही. "कागदावर प्रवर छापतात का हो?"

"छापतात. का?"

"म्हणजे काय असतं ते, नीट सांगाल?"

"पूर्वीच्या पाकिटावर गावोगावचे शिक्के पडायचे बघा, तसं. ज्या ज्या शरीरातून जंतू गेला, त्याचा एकेक शिक्का, ओळीने. तुमच्या श्वासात तुमच्या आधीच्या सगळ्यांचे शिक्के असतात. ती ओळ म्हणजे प्रवर. तापाच्या वेळच्या नोंदींवरून शिक्क्यांना नावं लागतात. कोणाकडून कोणाला."

"गेलेल्या माणसाचाही?"

"हो. माणूस जातं, शिक्का राहतो."

"म्हणजे सोनल अजून माझ्या श्वासात आहे," शीतल म्हणाली.

डॉक्टरांनी इतक्या वर्षांच्या नोकरीत हे असं मांडलेलं ऐकलं नव्हतं.

"ते शिक्के छापले नाहीत तर चालेल?"

"ताई, घाबरू नका," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. बाहेरची कुजबुज त्यांनी सकाळपासून ऐकली होती. "तुमच्याकडून बहिणीला गेलं असेल तरी तो काही गुन्हा नव्हे. कोणाला माहीत होतं तेव्हा?" आणि बोलता बोलता त्यांनी कागद वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

ओळीच्या शेवटी घरातली तीन नावं होती, एकाखाली एक. स्पृहा. सोनल. शीतल.

"तुम्ही शेवटच्या आहात," डॉक्टर म्हणाल्या.

"मी पोचले त्याच संध्याकाळी स्पृहाला थर्मामीटर लावला होता. शंभर पॉइंट चार. सोनल म्हणाली, उन्हात खेळली असेल." शीतलने मास्क उगाचच सारखा केला. "मी अजून पिशवीसुद्धा उघडली नव्हती."

"आणि सोळा वर्षं तुम्ही..."

"नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगायचं, डॉक्टर? मला बोललेलं चालत होतं. मी मोठी होते."

"पण नियम आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नियमाला शोभेल इतका कोरडा राहिला नाही. "वाहकाशेजारी बसणाऱ्याने प्रवर वाचून सही करायची. आम्हीच घातला तो नियम. माणसाला आपण कोणाजवळ बसतोय ते पुरतं कळावं म्हणून. आम्हाला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं."

"मग अर्ज रद्द करा."

"ताई, जुळलंय हो! आज गेला नाहीत तर पुन्हा हा दिवस..."

"रद्द करा म्हणते ना. रक्त नाही जुळलं म्हणून सांगा तिला. मी पडद्यावर बघते. पडद्यावर तर जास्त जवळून दिसतं."

डॉक्टरांनी पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही. तेवढ्यात बाजूचं छोटं दार उघडलं आणि स्पृहा स्वतःच बाहेर आली. पिवळी अष्टपुत्री नेसलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, हातात हिरवा चुडा. आतून गुरुजींचा आवाज येत होता, "अहो, नवरीला बसवा, मुहूर्त काही थांबणार नाही!" रांगेतल्या बायका बघायला लागल्या. वैशालीआत्या श्वासदारापाशी नळी हातात धरून तशाच थबकल्या.

"काय आलं?" स्पृहाने विचारलं.

"नाही जुळलं गं," शीतल म्हणाली. "जा तू आत. उन्हात काजळ पसरेल."

"डॉक्टर?"

डॉक्टरांनी शीतलकडे पाहिलं. कागद त्यांनी पालथा घातला होता, पण तळहात त्यावरून उचलायला त्यांना उशीर झाला. स्पृहाने खिडकीखालच्या फटीतून बोटं घालून तो ओढून घेतला.

"स्पृहा, दे इकडे," शीतल म्हणाली. सोळा वर्षांत त्या आवाजात ती मुलीवर कधी ओरडली नव्हती.

स्पृहाने वाचला. तिला वेळ लागला नाही. ती दचकली नाही, रडली नाही. कागद काचेवर टेकवून तिने पेन मागितलं, सही केली, आणि पेन परत देताना शांतपणे 'थँक्यू' म्हणाली. मग पिवळ्या चौकोनाची रेघ ओलांडून मावशीसमोर येऊन उभी राहिली.

"मला हा कागद नवा नाहीये, मावशी."

"काहीतरी बोलू नकोस. मशीन चुकतं कधीकधी. हो ना, डॉक्टर?"

"गॅदरिंगच्या दिवशी मला ताप होता," स्पृहा म्हणाली. तिने आवाज खाली आणला नाही. रांगेला, आत्यांना, सगळ्यांना ऐकू जात होतं. "शाळेच्या दारात कपाळाला मशीन लावत होते. ताप असला की परत पाठवायचे. आणि नाटकात माझं काम होतं. म्हणून मी फ्रीजमधला बर्फ कपाळाला चोळून गेले. मशीनने हिरवा दिवा दाखवला. नाटक छान झालं. रात्री आईजवळ झोपले, तिच्या टाक्यांना धक्का लागू नये म्हणून दुसऱ्या कुशीला, तिच्या तोंडाजवळ तोंड करून. तू दुसऱ्या दिवशी आलीस."

"अगं, तू लहान होतीस..."

"आई माझ्यामुळे गेली. मला तेव्हापासून माहीत आहे. आणि आत्या तुला बोलायची ना, मावशी, तेव्हा मला बरं वाटायचं."