प्रवाळांची संध्याकाळ कधी होते?

शाळा सुटली की शाल्मली धावत प्रवाळघरात यायची. मंगळावरच्या त्या वसाहतीत खाऱ्या पाण्याची ही एकच टाकी होती. तिच्यातले प्रवाळ वासंतीआजी खोबरेकरांनी यानातून जपून आणले होते. आजी समुद्रजीवांच्या शास्त्रज्ञ. प्रवाळांना खाऊ घालायचं काम त्यांनी शाल्मलीला दिलं होतं.

पण शाल्मली पार चक्रावली होती. मागच्या आठवड्यात याच वेळी टाकीत लख्ख उजेड होता आणि प्रवाळ मिटून बसले होते. परवा दिवे मंदावले होते. आज तर मिट्ट काळोख! बाहेर मात्र सूर्य अजून वर होता.

"घड्याळ बिघडलंय," ती पुटपुटली. आजी दोन दिवसांसाठी वसाहतीच्या दुसऱ्या घुमटात गेल्या होत्या. तिने दिव्यांचं घड्याळ वसाहतीच्या घड्याळाशी जुळवलं. टाकीत एकदम दुपार झाली. अंधारात बाहेर आलेले बारीक तंतू झटकन आत गेले.

आजी परतल्या तेव्हा प्रवाळांवर चिकट बुळबुळीत थर आला होता. काही फांद्यांचा रंग उडाला होता.

"मी घड्याळ नीट केलं, आजी. चुकत होतं ना ते?" शाल्मलीने विचारलं.

आजींनी वाकून फांद्या पाहिल्या. "आपल्याकडे एवढेच आहेत गं. हे गेले तर दुसरे कुठून आणू?" मग त्यांनी तिला जवळ घेतलं. "चूक माझीही आहे. तुला सांगायला हवं होतं. ते घड्याळ पृथ्वीचं आहे. मंगळाचा दिवस पृथ्वीच्या दिवसापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा. म्हणून टाकीतली संध्याकाळ रोज तेवढी आधी येते."

"पण उजेड तर त्यांना हवाच असतो ना?"

"हवा, आणि नकोही."

शाल्मली आणखीच गोंधळली.

"प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. हजारो पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) एकमेकांना चिकटून राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं. दिवसा ते उजेडात अन्न बनवतं आणि पॉलिपनाही देतं. पण उजेड थांबलाच नाही, तर त्याच कामातून अपायकारक द्रव्यं साठतात. रात्री विश्रांती मिळते. शिवाय अंधारात पॉलिप आपल्या स्पर्शिका (भक्ष्य पकडायचे तंतू) पसरून शिकार करतात. कधी काय करायचं, हे त्यांचं जैविक घड्याळ (शरीराच्या आतली वेळेची जाण) सांगतं. तू झोपेत असताना कुणी एकदम दुपार केली तर?"

आजींनी जुनी वेळ परत लावली. हळूहळू प्रवाळ सावरले. एक फांदी मात्र वाचली नाही. शाल्मली तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"आजी, त्यांचं आतलं घड्याळ कधी चुकत नाही?"

"चुकतं की. रोज पहाटेचा उजेड ते लावून देतो."

"मग रोज चाळीस मिनिटं उशिरा उजाडलं, तर चालेल त्यांना?"

"माहीत नाही. करून बघायची मला भीती वाटत आली आहे."

शाल्मली विचारात पडली. "एकदम नाही बदलायचं. टाकीतली संध्याकाळ सरकत सरकत एक दिवस आपल्या संध्याकाळला येऊन मिळेलच. तिथून पुढे तिला धरून ठेवायचं. रोजचा दिवस फक्त चाळीस मिनिटं मोठा करायचा."

"करून बघू," आजी म्हणाल्या.

तो दिवस आला. टाकीतले दिवे हळूहळू मंदावले आणि निळसर झाले. खिडकीबाहेर सूर्य मावळत होता. मंगळावर मावळतीचं आकाश सूर्याभोवती निळं दिसतं. आत निळं, बाहेरही निळं. एकेक स्पर्शिका बाहेर आली. शाल्मलीने खाऊ सोडला आणि प्रवाळांनी तो पकडला. पुढे महिनाभर संध्याकाळ तिथेच राहिली, आणि प्रवाळ रोज उमलत राहिले.

"आता त्यांना पिल्लं कधी होणार?"

"समुद्रात पुष्कळ प्रवाळ चंद्राच्या उजेडावरून अंडी सोडायची रात्र ठरवतात."

"पण इथे तर दोन चंद्र आहेत!"

"हो ना," आजी हसल्या. "तिथे माझंही डोकं चालेनासं होतं. ये, बस. दोघी मिळून शोधू."