घरां या

कुंभकोणमच्या महामहम तळ्याकाठी एक जुनं कल्याणमंडपम, म्हणजे लग्नाचं कार्यालय, आहे. मुहूर्त नसले की ते इतर कार्यक्रमांना देतात. त्या रविवारी संध्याकाळी तिथे श्रीवत्स आणि चैत्रा या बहीणभावांचा जलसा होता. तो गिटार वाजवायचा, ती ड्रम. दोघंच, पण मेटलच्या गडगडाटातून मधूनच नादस्वराची वळणं निघायची, भजनाचा ठेका धरला जायचा. चेन्नईत नाव झालं होतं. लहानपणीच्या गावात मात्र दोघं पहिल्यांदाच वाजवणार होती.

साउंड चेक उरकून दोघं पितळी वाटी-पेल्यातली कॉफी घेऊन तळ्याच्या पायऱ्यांवर बसली. दगड अजून तापलेले होते. याच पायऱ्यांवर खेळताना अंधारून आलं, की त्यांचे वडील पांडुरंगराव, म्हणजे अप्पा, वर रस्त्यावर उभे राहून गात. तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेली, घराबाहेर कुणाला न कळणारी मराठी :

दिवे लागले देव्हारां,
आतां घरां या, घरां या.

"पुढचं आठवतें कां गे तुला?" श्रीवत्सने विचारलं.

"नाहीं, अण्णा. इतकंच."

अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दोन ओळींवर दोघांनी आपलं सगळ्यात जड गाणं बांधलं होतं. पुढच्या ओळी मात्र नात्यागोत्यात कुणालाच येत नव्हत्या. माणूस जातो ते समजतं, त्याचे शब्दही जावेत, हे श्रीवत्सला सोसत नसे.

हॉल गच्च भरला. बहुतेक कॉलेजची तमिळ मुलं. आदल्या दिवशीच्या लग्नातल्या मोगऱ्याचा शिळा वास अजून पंख्यांखाली फिरत होता. शेवटी त्यांनी तेच गाणं घेतलं. दुसऱ्या खेपेला मुलं सोबत गाऊ लागली, तसा श्रीवत्स सुखावला. तिसऱ्यांदा त्याने तारांवर तळवा ठेवला आणि गाणं त्यांच्यावर सोपवलं.

दोन ओळी संपल्या तरी ती थांबली नाहीत.

"व्यंकोजी, ये घरां."

उच्चार तमिळ वळणाचे, शब्द मराठी. व्यंकोजी म्हणजे त्यांचे वारलेले थोरले काका.

"अलमेलू, ये घरां."

ही आत्या. तीही गेलेली.

श्रीवत्सच्या छातीत काहीतरी उलगडलं. हेच ते! अप्पा घरातल्या एकेकाचं नाव घेत. कुणीतरी जुन्या भजनी माणसाने या पोरांना शिकवलं असेल, मागाहून विचारू. त्याचे डोळे भरून आले.

चैत्राने काठ्या खाली ठेवल्या. "अण्णा, थांबव हें."

"ऐकूं दे गे."

"पांडुरंगा, ये घरां."

अप्पांनी स्वतःचं नाव कधी घेतलं नव्हतं.

श्रीवत्सने समोर पाहिलं. पुढच्या रांगेतली मुलं त्याच्याकडे बघत होती. माना एका लयीत डुलत होत्या. ओठ मिटलेले होते.

आवाज हॉलभर होता.

"शिवरंजनी, ये घरां."

शिवरंजनी त्याची मुलगी. तीन वर्षांची, चेन्नईत आईजवळ. अप्पा गेल्यानंतर जन्मलेली.

त्याने सगळ्या तारा एकदम छेडल्या. अँप्लिफायर किंचाळला. आवाज तुटला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मधे इतका वेळ गप्प का उभे राहिलात?" मंचाजवळ आलेल्या एका मुलीने तमिळमध्ये विचारलं. "आम्हाला वाटलं, आता गाल, आता गाल."

श्रीवत्सच्या खिशातला फोन थरथरत होता. त्याची बायको, वाणी. ती तमिळ घरातली; मराठीचं अक्षर तिला येत नव्हतं, आणि मुलीलाही कुणी शिकवलं नव्हतं.

"शिवरंजनी खेळता खेळता उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिलीय," ती म्हणाली. "उचलून आणली तरी परत जाते. हसतेय, आणि बाहेरच्या कुणाला तरी एकच शब्द सांगतेय. अहो, 'आलें' म्हणजे काय?"