करंगळीवरचा फोड

"हे बघ, मलाही इथेच आलाय," सुधन्वाने बूट काढून पाय पुढे केला. पायाच्या करंगळीवर पाण्याने टम्म भरलेला फोड होता. अगदी केतकीसारखाच, अगदी त्याच जागी.

लक्ष्मीबाई नगरातली मुलं दसऱ्याच्या सुट्टीत रोज सकाळी कॉलनीच्या बागेत धावत. रविवारी पाच किलोमीटरची शर्यत होती. त्यांचा सराव घ्यायचे केतकीचे शेजारी, विनायककाका. त्यांनी फोड लांबूनच पाहिले.

"पाय अजून नाजूक आहेत, दुसरं काही नाही. रविवारी मात्र लंगडणाऱ्याला मी उतरवणार नाही."

केतकीचं तोंड एवढंसं झालं. गेल्या वर्षी तापामुळे तिची शर्यत हुकली होती.

केतकीच्या घरी आल्यावर सुधन्वाने सुई शोधली. "फोडून टाकू यार, सुटलो."

"ठेव ती," केतकीची आई म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट होती. "वरची कातडी आतल्या जखमेला झाकते. ती काढली तर जंतू शिरतात." तिने दोघांचे पाय धुऊन कोरडे केले आणि फोडांवर मऊ पट्टी लावली. "आता दोन दिवस धावणं बंद. कुठे तरी घासतंय म्हणून फोड येतो. काय घासतंय ते शोधा."

केतकीने धाकट्या भावाकडे पाहिलं. "चिन्मय, तुला कसा नाही आला?"

"मी जुनेच मोजे घालतो. काकांनी सगळ्यांना वाटलेले नवे मोजे मला ढगळ होतात."

केतकीने काकांनी दिलेला मोजा उलटा केला. बोटांपाशी सुतळीसारखी जाड शिवण होती, आणि तिची गाठ नेमकी करंगळीवर येत होती.

दुसऱ्या दिवशी चिन्मय एका पायात नवा आणि दुसऱ्यात जुना मोजा घालून धावला. नव्या मोज्यातली करंगळी लालबुंद झाली.

"योगायोग," काका म्हणाले.

"मग काका, उद्या तुम्हीच हे घालून धावा ना," केतकी शांतपणे म्हणाली. "तुम्ही रोज चपला घालून उभे असता."

मुलं हसली. काकांना नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत काकांची चाल मंदावली. चौथ्या फेरीत ते बाकावर बसले आणि त्यांनी बूट-मोजा काढला. त्यांचीही करंगळी लालबुंद झाली होती.

"मी हे एकदाही घालून पाहिले नाहीत आणि तुम्हाला वाटून मोकळा झालो," ते म्हणाले. "चूक माझी. सगळे मोजे परत आणा."

रविवारपर्यंत दोघांचेही फोड सुकले. आईने दोघांच्या बोटांना पेट्रोलियम जेली लावली आणि वर बिनशिवणीचे, घट्ट बसणारे मोजे घालायला दिले. केतकी सहावी आली, सुधन्वा तिच्या मागोमाग.

शर्यत संपते त्या दोरीपलीकडे काका उभे होते. त्यांनी वेळ विचारली नाही, नंबरही नाही. सगळ्या पालकांसमोर ते केतकीपुढे उकिडवे बसले.

"शाबास, पोरी. तू आम्हा मोठ्यांना डोळे उघडून बघायला लावलंस. चल, बूट काढ. आधी पाय बघू."