साय्वु की सैवम?

"अय्यो! पायऱ्या!" प्रणवेश ओरडला.

हरिणीने आपल्या व्हीलचेअरचे ब्रेक ओढले. नाताळची सुट्टी, तिरुवैयारूजवळ कावेरीकाठी नवाकोरा रिसॉर्ट, सोबत अप्पा, काका आणि प्रणवेश, विनुता ही चुलतभावंडं. आणि खोलीपुढे या उंच पायऱ्या! अप्पांनी तर एस.टी.डी. बूथवरून उताराची खोली हवी म्हणून बजावलं होतं.

"सार, सांगितलंत तश्शीच खोली आहे!" मॅनेजर सांबशिव छाती फुगवून म्हणाले. "दारावर पाटीसुद्धा लावलीय!"

"वर जायला दुसरी वाट?" अप्पांनी विचारलं.

"छे, सार!"

"मग मी हिला उचलून नेतो."

"दर वेळी? नको अप्पा." हरिणीने चाकं मागे वळवली. "त्यापेक्षा आपण घरी जाऊ."

अप्पांनी बॅग परत उचलली. "संध्याकाळच्या बसने निघू. ही दोघं काकांबरोबर राहतील."

विनुताने दारावरची तमिळ पाटी वाचली. "सैवम! म्हणजे शाकाहारी?"

"खोली कधीपासून मटण खायला लागली?" प्रणवेश म्हणाला.

हरिणी हसणार, तोच वर व्हरांड्यात घरघर झाली. वेटर कॉफीची ट्रॉली ढकलत आला, कप ठेवून गेला.

हरिणीचे कान टवकारले. "ऐकलंत? नुसती घरघर! चाकं पायऱ्या चढली असती तर धडधड झाली असती. चाकांचा आवाज मला विचारा!"

"मग?" प्रणवेशने विचारलं.

"मग ट्रॉली वर आली कुठून, शहाण्या?"

तिघांची डोकी एकत्र आली. ट्रॉली कुठून येते ते बघायला प्रणवेश आणि विनुता इमारतीमागे पळाले. हरिणी गोड आवाजात म्हणाली, "मॅनेजरमामा, आणखी कॉफी पाठवा ना! गरमागरम!"

"लगेच, कन्ना, लगेच, बाळ!" सांबशिव खूश झाले.

थोड्याच वेळात मागून प्रणवेशची शिट्टी आली. हरिणीने चाकं फिरवली. स्वयंपाकघरापासून व्हरांड्यापर्यंत सिमेंटचा छान सौम्य उतार! ट्रॉलीपुरती जागा सोडून बाकी वाट वेताच्या खुर्च्यांनी अडवलेली. दोघांनी त्या भराभर हटवल्या. हरिणी आपली आपण वर चढली, थेट खोलीत शिरली. न्हाणीघराचं दारही रुंद निघालं! तिने मोठ्ठा श्वास सोडला.

सांबशिव धावत आले. "अय्यो, ती तर स्वयंपाकघराची वाट! पाहुण्यांना कशी दाखवू?"

"अप्पा, फोनवर तुम्ही नेमकं काय म्हणालात?" हरिणीने विचारलं.

"साय्वु असलेली खोली. साय्वु म्हणजे उतार."

सांबशिवांनी कपाळावर हात मारला. "फोनमध्ये ही खरखर! मला ऐकू आलं सैवम! म्हणून तर या खोलीत मी अंडंसुद्धा येऊ दिलं नाही, सार!"

सगळे पोट धरून हसले. अप्पांचा आवाज मात्र जरा ओलसर झाला. "कान असावेत तर माझ्या पोरीसारखे! आणि दोस्त या दोघांसारखे!"

सांबशिवांनी पाटी उतरवली, तिच्या मागच्या बाजूला खडूने ठळक 'साय्वु' लिहिलं आणि ती उताराच्या पायथ्याशी टांगली. "शाब्बास, पोरांनो! आता ही वाट पाहुण्यांचीच!"

संध्याकाळी रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. व्हरांड्यातून कोणीही उठलं नाही.