दाजींच्या गाडीचा चोक

हे खरं घडलेलं आहे.

असं म्हणणाऱ्या माणसावर मी स्वतः कधी विश्वास ठेवलेला नाही. त्यामुळे तुम्ही माझ्यावर ठेवा, हे म्हणायलाही संकोच वाटतो. पण त्या गाडीत मी होतो. पुढच्या सीटवर.

आणि रात्र नव्हती. सकाळ सरून दुपार व्हायच्या बेतात होती. रस्ता कोरडा, दोन्ही बाजूंना उघडं रान, कोणाला लपायला झाडसुद्धा नाही.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. भुताच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या, लोकांना पुष्कळ काढून दिल्या. म्हणून सांगताना भीती वाटते ती वेगळीच... कुठे वाचलेलं तर मी पाहिलेलं म्हणून सांगत नाही ना? दहा वेळा तपासलं. नाही.

गाडी दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जुनी पेट्रोलची गाडी, पण त्यांनी ती जिवापाड जपली. आम्ही तिच्या वाटेला जात नसू.

ताईलाही त्यांनी कधी तीत बसवलं नाही.

"पेट्रोल काय नळाला येतं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाजार असो, माहेर असो, दवाखाना असो. उतार लागला की ते इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायचे आणि घरापर्यंत आवाज न करता घरंगळत यायचे. गल्लीत त्यांचं नावच 'न्यूट्रल' पडलं होतं. त्यांच्या तोंडावर म्हणायची मात्र कोणाची छाती नव्हती.

रोज सकाळी ताई गाडी पुसायची. मग दाजी आत बसायचे. डॅशबोर्डखालचं काळं बटण टक्‌कन ओढायचे, तो आवाज ऐकून ताईने धावत आणलेला जेवणाचा डबा घ्यायचे, घसा खाकरायचे, आणि एकटेच निघून जायचे.

ते बटण चोकचं. पेट्रोलचं इंजिन गार असलं, किंवा चढावर धापा टाकायला लागलं, की ते ओढायचं. म्हणजे इंजिन सावरतं. मला हे फार उशिरा कळलं. मी गाडी चालवत नाही.

दाजी गेले. गाडी शेडमध्ये पडून राहिली. पुढे ताई न्हाणीघरात घसरली, खुब्यात सळी घालावी लागली. बसची पायरी चढणं संपलं.

त्यातच धाकटीने अंथरूण धरलं. धाकटी म्हणजे आमची सगळ्यांत लहान बहीण. ती दूरच्या गावी असते... असायची. ताईनेच तिला अंगाखांद्यावर वाढवलेलं. फोनवर तिचा रोज एकच प्रश्न.

"ताई, कधी येतेस?"

ताईचा मुलगा, माझा भाचा, म्हणाला, "आई, भाड्याची गाडी करतो. उद्याच जाऊ."

"घरच्या गाडीतून जाईन," ताई म्हणाली. "जन्मभर पुसली आहे मी ती."

"तिचं इंजिन बसलंय."

"मग उठव."

मी मध्ये बोललो नाही. मी सहसा बोलत नाही.

भाच्याने एक मिस्त्री आणला. बोलका माणूस. तो म्हणाला, या पेट्रोल इंजिनाचे भाग आता मिळणार नाहीत, त्यापेक्षा डिझेलचं टाकू. एका मोडीत निघालेल्या माल वाहणाऱ्या व्हॅनचं इंजिन त्याच्याकडे होतं. साखळीने त्याने जुनं इंजिन उचललं, शेडच्या कोपऱ्यात गोणपाटावर ठेवलं. नवं बसेना, तेव्हा पट्ट्या कापल्या, वेल्डिंग केलं, टाकी धुतली, नळ्या बदलल्या. भाच्याला तो सारखा सांगायचा, "चिंता सोडा, मालक. अंग तेच, काळीज नवं."

ताई खुर्ची टाकून दारात बसायची आणि बघायची. तिच्या तोंडावर काय होतं, ते मला नीट सांगता येणार नाही. आनंद म्हणवत नाही.

काम संपलं तेव्हा मिस्त्रीने भाच्याला समजावलं.

"एक लक्षात ठेवा. डिझेल चावी काढली तरी चालूच राहतं. त्याला ठिणगी लागत नाही. तेल तोडलं तरच मरतं. त्यासाठी केबल टाकली आहे, बंद करायची."

"आणि ती ओढायची कुठून?"

"नवीन भोक कशाला पाडू? चोकचं बटण रिकामंच होतं. त्यालाच जोडली. ओढलं की गाडी बंद."

भाचा चक्कर मारून आला. गाडी पूर्वीपेक्षा आवाज जास्त करत होती, धूरही सोडत होती. पण चालत होती. दुसऱ्या दिवशी त्याने ती गावाबाहेरचा मोठा चढ चढवून परत आणली. एकदाही अडखळली नाही.

त्यानंतरच्या सकाळी मी ताईच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. भाचा अजून झोपलेला. शेडला कुलूप.

शेडमधून आवाज आला.

टक्...

ताई हातातलं सगळं टाकून उठली. काठी न घेता. ओट्यावरचा रिकामा डबा उचलून ती दारापर्यंत गेली सुद्धा. तिथे थांबली. डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"सवय," ती म्हणाली.

मी कुलूप काढून आत गेलो. गाडीत कोणी नव्हतं. दारं बंद, काचा वर.

चोकचं बटण बाहेर ओढलेलं होतं.

आणि आत पेट्रोलचा वास होता... ज्या गाडीत आता पेट्रोलचा थेंब नव्हता, तिच्यात.

मी बटण आत ढकललं आणि कोणाला काही बोललो नाही. जुन्या इंजिनाचा वास असेल. स्प्रिंग ढिली असेल. मला यंत्रातलं काय कळतं?

आम्ही निघालो. ताईला मागच्या सीटवर उशा लावून आडवं बसवलं. ती चांगलं लुगडं नेसली होती. भाचा चालवत होता, मी त्याच्या शेजारी.

गल्लीच्या टोकाला आल्यावर ताई म्हणाली, "आतून गल्ली वेगळी दिसते रे."

एवढंच. पण भाच्याने आरशातून तिच्याकडे बघितलं.

चढ सुरू झाला. भाच्याने गिअर बदलला. इंजिन जड झालं, घरघरायला लागलं.

आणि बंद पडलं.

बटण बाहेर आलेलं.

भाच्याने ते आत दाबलं, गाडी चालू केली. दोन हात पुढे गेलो... पुन्हा बंद. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. शेवटी त्याने गाडी वळवली. उताराला लागल्यावर ती निमूट चालू झाली आणि घरापर्यंत आली.

मिस्त्रीने केबल तपासली. "हादऱ्याने येत असेल," तो म्हणाला.

"मी एकटा गेलो तेव्हा नाही आलं," भाचा म्हणाला.

"तेव्हा वजन कमी होतं."

"वजन? माझी आई चिमणीएवढी आहे."

मिस्त्रीने बटण आत दाबून जाड तारेने खालच्या पट्टीला आवळून बांधलं. पक्कडीने पीळ दिला. "आता कोणाचा बाप आला तरी निघणार नाही."

ताई दारातून म्हणाली, "बाप नाही येणार."

त्या संध्याकाळी भाच्याने पुन्हा भाड्याच्या गाडीचं काढलं. ताई ऐकेना. मी तिला म्हणालो, "ताई, हट्ट कशाला? धाकटी वाट बघते आहे."

"हट्ट मी एकदाच करते आहे," ती म्हणाली. "त्यांनी जन्मभर केला. तेव्हा कोणी विचारलं नाही, कशाला म्हणून."



दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो. तोच चढ, तीच वेळ. या वेळी मी रस्त्याकडे बघतच नव्हतो. माझी नजर बटणावर होती.

इंजिन घरघरायला लागलं.

आधी वास आला. पेट्रोलचा... गार सकाळी यायचा तसा.

मग तार हलली.

ती तुटली नाही. तिचा पीळ उलटा फिरत गेला. सावकाश. एक एक वेढा. कोणीतरी नखाने सोडवावा तसा. तार खाली पडली.

बटण अर्धं बाहेर आलं... थांबलं... मग पूर्ण आलं.

आणि माझ्या आणि भाच्याच्या मधल्या रिकाम्या जागेत कोणीतरी घसा खाकरला.

गाडी बंद पडली.

भाच्याने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. मागून ताईचा आवाज आला. मोठा नव्हता.

"मेल्यावरसुद्धा?"

तिने माझ्या सीटची पाठ धरली.

"तिला बघून येते एकदा. मग काय करायचं ते करा."

भाच्याने बटण आत ढकललं. ते पुन्हा बाहेर आलं. त्याने अंगठ्याने दाबून धरलं, चावी फिरवली. इंजिन लागलं. त्याचा अंगठा थरथरत मागे येत होता, मला दिसत होतं. त्याच्यासारखा दणकट मुलगा, कपाळावरून घाम निथळत होता. मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला. पलीकडून जोर होता. रागाचा म्हणावा तसा नव्हता... घाईचा वाटला. पण मी खात्री देत नाही.

बटण आलं. गाडी थांबली.

तेव्हा फोन वाजला.

धाकटीच्या घरून होता. भाच्याने ऐकून घेतलं, "हो," म्हणाला, आणि फोन मांडीवर ठेवला. ताईला सांगावं लागलं नाही.

बाजूने एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. मग भाच्याने सवयीने बटण दाबलं.

ते आत गेलं, आणि आतच राहिलं.

गाडी चढ चढली. न घरघरता. पुढचा सगळा रस्ता कुठेही अडली नाही. धाकटीच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा तिथे माणसं जमली होती, आणि ताईला उतरवायला चार हात पुढे आले. बघायला काही उरलं नव्हतं. म्हणजे, होतं. पण ज्यासाठी निघालो होतो ते नव्हतं.

परत आल्यापासून मला एक गोष्ट छळत होती. ती पुस्तकी असेल. दाजी मला पुस्तकी किडाच म्हणत. बरेच दिवस मी ती मनात ठेवली. मग एका दुपारी ताई एकटी होती, तेव्हा बोललो.

"ताई, दाजी असताना ते बटण ओढलं की गाडी चढ चढायची. आता ओढलं की बंद पडते. हे त्यांना... कोणी सांगितलं असेल?"

ताई भाजी निवडत होती. हात थांबला नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे, ते अडवत नसतील. इंजिन दमलं असं वाटून त्यांच्या परीने ते..."

"चढवत होते?"

"असेल."

"मग फोन आल्यावर कशी चढली?"

"ते मला माहीत नाही."

ती बराच वेळ देठ मोडत राहिली.

"म्हणजे उभ्या जन्मात पहिल्यांदा मला कुठेतरी न्यायला निघाले होते, असं म्हणतोस तू."

मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही.

"मग हे जास्त वाईट," ताई म्हणाली. "नाही म्हणत होते, असंच राहू दे. त्याची मला सवय आहे."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. काढायलाच नको होता.

परवा भाचा म्हणाला, "मामा, ती गाडी विकून टाकू. एक गिऱ्हाईक आलंय." मी म्हणालो, "आईला विचार." त्याने आत जाऊन विचारलं, मीही मागोमाग गेलो.

ताईने शेडकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ टाकायचं का विचारावं तशी म्हणाली, "त्यांना विचार ना."

भाचा हसला. चेष्टा आहे असं त्याला वाटलं.

मला तसं वाटलं नाही. कारण ते बोलून ती थांबली होती... मान जराशी कलती करून... ऐकत असल्यासारखी.