पायऱ्यांच्या गल्लीतले पिवळे दिवे

तिनं खांबावरच्या पेटीतला खटका खाली ओढला आणि पायऱ्यांची अख्खी गल्ली अंधारात बुडाली.

त्याच अंधारातून एक आवाज आला. शांत, पण दुखावलेला.

"अहो... थोडंच राहिलं होतं."

तिच्या हातातली बॅटरी दचकली. उजेडाचा गोळा एकेक पायरी चढत वर गेला आणि एका माणसावर थांबला. मफलरमध्ये निम्मा बुडालेला, गुडघ्यांना मिठी मारून बसलेला. त्याच्यासमोर तीन पायांवर उभा एक जुना, जडशीळ कॅमेरा.

"काय राहिलं होतं?"

"फोटो. शटर अजून उघडं आहे. आणि तुमची बॅटरी आता बरोबर कॅमेऱ्याच्या डोळ्यात आहे."

तिनं बॅटरी खाली केली. "फोटो म्हणजे एक क्लिक. त्यात राहायचं काय असतं?"

"दिवसा क्लिक. रात्री वाट बघायची." तो उठून पँट झटकत म्हणाला, "अंधारात फिल्म आळसावते. उजेड मोजायचा मीटर सांगतो मिनिटभर पुरे, ती मागते चार मिनिटं. घाई केली तर काहीच देत नाही."

"आमच्या काकांसारखी."

"ऐकू येतंय मॅडम," शिडीवरून काका म्हणाले.

तो हसला. अंधारात नुसतं हसू ऐकू आलं. पुढे बरेच दिवस तिला तेवढंच आठवत राहिलं. चेहरा नंतर जोडला गेला.

ती पालिकेच्या दिवाबत्ती खात्यात अभियंता होती. शहरातले जुने पिवळे दिवे उतरवून पांढरे बसवायचं काम तिच्याकडे होतं. काका तिचे वायरमन. तिच्या जन्माआधीपासून खांबांवर चढत होते आणि तिच्या लग्नाची काळजी तिच्या आईच्या खालोखाल त्यांनाच होती.

"आज नुसती तपासणी. दोन-चार दिवसांत इथलेही दिवे बदलू," तिनं त्याला सांगितलं. "मग तुम्हाला स्वच्छ उजेड मिळेल. फोटो लवकर होतील."

तो कॅमेऱ्याशी उगाच काहीतरी करत राहिला.

"मग अडचण आहे," तो शेवटी म्हणाला. "मी... म्हणजे हे पिवळे दिवेच टिपतोय मी. जायच्या आत. ही गल्ली तर... हिला बराच वेळ लागेल मला."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात तिनं पायऱ्यांची गल्ली कामाच्या अगदी शेवटी ढकलली. आत शिडीची गाडी जात नाही, हातशिडीनं करावं लागेल, म्हणून नंतर घेऊ, असं तिनं साहेबांना सांगितलं. कारण शंभर टक्के खरं होतं. त्यामुळेच तर ते इतकं कामाला आलं.

मग रात्रपाळी संपवून परत जाताना ती त्या गल्लीत डोकावू लागली. तो बहुतेक वेळा असायचाच. दिवसभर तो एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवायचा, हे तिला कळलं तेव्हा ती इतकी हसली, की वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडून पुन्हा बंद झाली.

"हसा. पण तुमचे पुढचे दोन दात एकमेकांकडे किंचित झुकलेत," तो म्हणाला. "काहीतरी कानात सांगत असल्यासारखे."

"बिघाड आहे तर."

"माझ्याकडे आले असते, तर मी हात लावला नसता."

तिनं तोंड मिटलं. मग घरी जाऊन आरशासमोर बराच वेळ उघडून बघितलं. आईनं विचारलं, दात दुखतोय का. ती नाही म्हणाली.

त्यानं तिच्या हाती एक काम सोपवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी रस्ता होता; तिथून एखादी गाडी वळली, की तिचा झोत थेट फोटोत शिरायचा. अशा वेळी काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा भिंगासमोर धरायचा आणि झोत गेला की अलगद काढायचा. कॅमेऱ्याला धक्का लावायचा नाही.

"आली," तो पुटपुटायचा.

ती पुठ्ठा धरायची. तो तिच्या मागे उभा, श्वास रोखून. गाडी निघून गेलेली असायची, रस्ता पुन्हा मोकळा झालेला असायचा, आणि तरी एखादा क्षण दोघंही तसेच...

"गेली की," ती म्हणायची.

"हो का? लक्ष नव्हतं."

एकमेकांचा फोन नंबर मात्र कुणीच मागितला नाही. नंबर मागायचा म्हणजे काहीतरी कबूल करायचं. तसा तो पिवळ्या दिव्यांसाठी येत होता, आणि ती त्या दिव्यांची देखभाल करत होती. सगळं कसं रीतसर.

मधे तो येईनासा झाला. एक रात्र गेली, दोन गेल्या, मग तिनं मोजणं सोडून दिलं... म्हणजे तसं स्वतःला सांगितलं. ओल्या पायऱ्यांवर पिवळा उजेड सांडलेला असायचा आणि त्यात कुणीच बसलेलं नसायचं. तिला पहिल्यांदाच त्या उजेडाचा राग आला. इतका मऊ, इतका बिनकामाचा.

"काका, परत जाताना पायऱ्यांच्या गल्लीवरून घ्या."

"तिकडे आपलं काही काम नाही."

"नजर टाकून येऊ."

"नजरेला डिझेल लागतं मॅडम," काका म्हणाले, आणि गाडी वळवली.

आणि हळूहळू तिच्या मनात एक हिशेब पक्का होत गेला. शहरातले बाकीचे रस्ते एकामागून एक पांढरे होत होते. उरली होती फक्त ही गल्ली. ती पांढरी झाली, की त्याला इथं यायचं कारणच उरणार नव्हतं. आणि तो तर गल्ली पिवळी असतानाही आला नव्हता.

तो परतला तो सर्दीनं बसलेला आवाज घेऊन. "तापानं पडलो होतो," म्हणाला. "तुम्ही... वाट बघितलीत?"

"छे. कामात होते."

"अच्छा," तो म्हणाला, आणि मफलरमध्ये आणखी खोल गेला.

त्याच रात्री गल्लीतल्या एका घराचं तळमजल्यावरचं दार उघडलं. शिवणकाम करणाऱ्या मावशी भिंतीला धरून बाहेर आल्या. पायाला जाडजूड पट्टी.

"बरं झालं भेटलात बाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या ह्या उजेडात मला पायरी कुठली आणि सावली कुठली कळत नाही. परवा सावलीवर पाय ठेवला. मशीन पायानं चालवते मी, आता हातावर हात ठेवून बसलेय. सगळ्या शहरात दिवे आले म्हणतात, आमच्यावरच का राग?"

मावशींना हात देऊन तिनं आत बसवलं, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"उद्या ही गल्ली घेतेय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आधीच घ्यायला हवी होती."

त्यानं मावशींच्या दाराकडे बघितलं. मग मान हलवली. "घ्यायलाच हवी. उद्या... मी प्रिंट घेऊन येतो. तुम्हाला दाखवायचे राहिलेत."

दुसऱ्या रात्री काका शिडी, हातोडे, नव्या दिव्यांचे खोके घेऊन हजर होते. तोही आला. काखेत एक जाड पाकीट. ती ते घेऊन खांबाखाली गेली.

पायऱ्या होत्या. कठडा होता. मावशींच्या खिडकीतला पडदा, त्यामागे मशीनचं चाक. प्रत्येक चित्रात दिव्यांभोवती धुक्याचं वलय. ती एकेक बघत गेली, आणि मग तिचा हात थांबला. पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

"हे काळेपांढरे आहेत."

"हो."

"सगळेच?"

"फिल्मच तशी आहे. न्हाणीघरात स्वतः धुतो मी. रंगीत मला जमत नाही."

"पण मग पिवळं..." तिनं वर दिव्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे. "काळ्यापांढऱ्या फिल्मला पिवळा दिवा काय आणि पांढरा काय."

"काही फरक नाही."

"मग इतके दिवस कशाला..."

त्यानं मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "तुम्ही म्हणालात, दोन-चार दिवसांत इथलं काम उरकेल. म्हणजे मग तुम्ही इकडे येणार नाही. मला त्या घाईत दुसरं काही सुचलं नाही. दिवे काढायला वेळ लागावा, एवढंच डोक्यात होतं."

शिडी टेकवल्याचा आवाज आला. तिला मावशींचा पाय दिसत होता, साहेबांना सांगितलेलं ते खरंखुरं कारण दिसत होतं, आणि ह्या सगळ्यात मनातून उसळणारं एक निर्लज्ज हसूही आवरत नव्हतं.

"ही गल्ली मी शेवटी ढकलली," ती म्हणाली. "गाडी आत जात नाही म्हणून नाही."

त्यानं मफलर नाकावरून खाली ओढला.

"आणि यात मी कुठेच नाही," तिनं पाकीट पुढे केलं. "रोज इथं होते. तुमच्यासमोरून वर-खाली करत होते."

"वर-खाली करत होतात, म्हणूनच नाही आहात. हलणारं माणूस फिल्मवर राहत नाही. तुम्ही कधी एका जागी उभ्याच राहिला नाहीत. मला वाटायचं सांगावं, जरा थांबा..." तो अडखळला. "पण कुठल्या तोंडानं?"

"मॅडम, खटका ओढू का?" काकांनी पेटीजवळून विचारलं.

"थांबा काका. एक फोटो राहिलाय."

"एकच ना?"

"चार मिनिटांचा."

काकांनी शिडीच्या दांड्यावर टेकून विडी काढली आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

ती मधल्या पायरीवर जाऊन उभी राहिली. हात कुठे ठेवावेत कळेना, शेवटी जॅकेटच्या खिशात घातले. त्यानं शटर उघडलं. आणि मग, ती काही विचारायच्या आत, कॅमेरा तसाच सोडून पायऱ्या चढत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. इतका जवळ, की मफलरचं टोक तिच्या हाताला लागलं.

"शटर बंद कोण करणार?" ती ओठ न हलवता म्हणाली.

"करू सावकाश."

"जास्त उजेडानं जळेल ना फोटो."

"जळू दे."

खाली रस्त्यावरून एक गाडी वळली. झोत गल्लीत शिरला, त्यांच्या अंगावरून गेला. पुठ्ठा धरायला कुणीच नव्हतं. तिची मान आपोआप वळू लागली.

"हलू नकोस," तो म्हणाला.

ती थांबली. त्याचा थंड, खरखरीत हात तिच्या खिशात शिरून तिच्या हाताशेजारी स्थिरावला. तिनं बोटं मिटली.

"पांढऱ्या उजेडात येशील?" तिनं विचारलं.

"दिवसाढवळ्यासुद्धा येईन. तुझ्या आईसमोर येईन."

"आई आधी तिचे दात दाखवेल तुला."

त्याला हसू आलं, खांदा थरथरला, आणि ते हसू दोघांनीही मोठ्या कष्टानं आत दाबून धरलं.

"मॅडम," काकांची हाक आली. "झालं का?"

गल्लीत कुणीच उत्तर दिलं नाही. दोघं कॅमेऱ्याकडे बघत, श्वासही जपून घेत उभे होते.